फ्यूज बीड्स, एक साधी इस्त्री आणि आईची दोसुतीची वही

मागच्या वर्षी मार्चमध्ये आई बाथरूमच्या दारात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघाल्यावर हात इतका आखडला होता की पोळीचा तुकडा मोडायलासुद्धा डावा हात लागायचा. फिजिओवाल्या मुलीने व्यायाम दिले, स्पंजचा बॉल दाबायचा, रबरबँड ताणायचा, आणि म्हणाली काकू बोटांनी बारीक कामं करत राहा, वाटाणे उचला, राजमा उचला, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाका. आईने चार दिवस उचलले. पाचव्या दिवशी म्हणाली, "अगं हे काय काम झालं का, इकडचे तिकडे टाकायचे आणि परत तिकडचे इकडे. काहीतरी तयार झालं पाहिजे ना हातातून."

त्याच वेळी घरात एक डबा पडलेला होता. आम्ही डोंबिवलीत राहतो, दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन तुर्भ्याच्या आयकियात गेलो होतो तेव्हा तिथून पिस्ला नावाचा मण्यांचा मोठा डबा आणला होता, त्यात सगळ्या रंगांचे छोटे छोटे प्लास्टिकचे नळीसारखे मणी एकत्र. चिऊ तेव्हा पहिलीत. दोन दिवस खेळली आणि मग डबा कपाटावर गेला, कारण तिला जांभळा हवा असायचा आणि त्या ढिगात जांभळा शोधेपर्यंत तिचा पेशन्स संपायचा आणि माझाही. मी तो डबा काढून आईपुढे ठेवला, पितळेची परात दिली आणि म्हटलं आई हे रंगांप्रमाणे वेगळे करून देशील का.

आईने परातीत मणी पसरले आणि तांदूळ निवडावेत तसे निवडायला बसली, तसंच बोटाने ओढून ओढून कडेला रास करायची. दुपारी दोनला बसली ती पाच वाजता चहालाच उठली. तीन दिवसांत सगळा डबा निवडून झाला. आणि तिथून आमच्या घरात हे प्रकरण जे सुरू झालंय ते आजपर्यंत थांबलेलं नाही, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं, कारण आता सोसायटीतल्या तीन-चार जणींनी विचारलं की हे नक्की असतं काय आणि सुरुवात कशी करायची.

तर हे फ्यूज बीड्स म्हणजे प्लास्टिकचे, बहुतेक वेळा पॉलिथिलीनचे, पोकळ मणी. एक खुंट्यांचा बोर्ड येतो, पेगबोर्ड म्हणतात त्याला, त्याच्या प्रत्येक खुंटीवर एक एक मणी बसवत जायचं आणि चित्र तयार करायचं. चित्र झालं की वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची, मणी वितळून एकमेकांना चिकटतात आणि चित्र अखंड उचलता येतं. बास, एवढंच आहे. ना सुई ना दोरा ना गोंद. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नावं आहेत, डेन्मार्कचे हामा, अमेरिकेत पर्लर, जपानमध्ये तर सरळ आयर्न बीड्स म्हणजे इस्त्रीचे मणी म्हणतात. आमच्याकडे चिऊ "खुंट्या" म्हणते. आई खुंट्या करायच्या का? असं. आणि ते पिस्ला म्हणजे स्वीडिशमध्ये हाताने बारीकसारीक काहीतरी करत बसणं, आपण म्हणतो ना काय खुटखुट चाललीये, अगदी तेच. चिऊचा शब्द आणि हा शब्द इतके जवळचे निघाले की मला फार आवडलं ते.

साइझचं आधी सांगते कारण तिथेच लोक चुकतात. नेहमीचा मणी ५ मिलिमीटरचा असतो. त्याहून मोठा १० मिलिमीटरचा येतो तो तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी, त्यांच्या बोटांना तो जमतो आणि तो इस्त्री करायचीही गरज नाही, नुसतं लावायचं काढायचं. आणि एक अडीच मिलिमीटरचा बारीक, तो मोठ्या मुलांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी, चिमट्याने लावावा लागतो. सुरुवात ५ मिलिमीटरनेच करा, मग तुम्ही सहा वर्षांचे असा नाहीतर साठ. बारीक मण्यांची चित्रं फोटोत फार सुंदर दिसतात हे खरंय पण आधी हात बसू दे. आणि हो, घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर हे मणी त्याच्या हाताला लागतील असे ठेवायचेच नाहीत, घशात किंवा नाकात जाऊ शकतात. माझ्या भावाचा मुलगा दीड वर्षाचा आहे, ते लोक यायच्या आधी मी सगळं उचलून लॉफ्टवर टाकते आणि सोफ्याखालून एकदा झाडू फिरवते.

झाडूवरून आठवलं, मणी सांडतात. सांडणारच. डबा उपडा झाला की चिऊ रडायची, आता नाही रडत, कारण आईने एक युक्ती काढली. झाडून गोळा केलेले मणी, धूळ-माती सकट, पाण्याच्या पातेल्यात टाकायचे. हे प्लास्टिक पाण्याहून हलकं असतं त्यामुळे मणी वर तरंगतात आणि वाळू-खडे खाली बसतात, मग चहाच्या गाळणीने वरचे मणी काढून टॉवेलवर पसरायचे. चिऊला आता हे धुण्याचं काम मणी लावण्याइतकंच आवडतं.

खरेदीचं. पहिल्यांदा एकच करा, एक चौकोनी मोठा बोर्ड आणि एक मण्यांचं पाकीट किंवा डबा, ज्यात रंग आधीच वेगळे आहेत असा मिळाला तर उत्तम, मिक्स मिळाला तर निवडायला घरात कोणी माझ्या आईसारखं आहे का ते बघा :) काळा आणि पांढरा मात्र जास्तीचे घ्या, बॉर्डर काळी असते बहुतेक चित्रांना आणि काळे सगळ्यात आधी संपतात. हार्ट, मासा, फुलपाखरू अशा आकाराचे बोर्ड पण मिळतात, मुलं दुकानात त्यावरच हात ठेवतात, पण त्यावर तेवढी एकच गोष्ट होते आणि चौथ्या दिवशी कंटाळा येतो. चौकोनी बोर्डावर काहीही होतं.

स्वस्तातलं घेताना थोडं जपून. मी एकदा ऑनलाइन एक बिननावाचं मोठं पाकीट मागवलं, रंग सुंदर होते, पण काही मणी तिरके कापलेले, काहींची उंची कमी, काहींचं भोक इतकं अरुंद की खुंटीवर बसेचना, आणि इस्त्री केल्यावर अर्धे वितळलेले आणि अर्धे तसेच. आईने तीन संध्याकाळी लावलेली कोयरी होती ती. कडेने सुटत गेली. मला इतकं वाईट वाटलं ना, तिला नाही वाटलं, ती म्हणाली परत लावू, पण मला वाटलं. तेव्हापासून दोन नियम केलेत. एक म्हणजे नवीन पाकीट आलं की आधी पाच बाय पाचचा छोटा चौकोन करून इस्त्री करून बघायची. दुसरं, एका चित्रात दोन कंपन्यांचे मणी मिसळायचे नाहीत, कारण प्रत्येकाचं वितळणं थोडं वेगळं असतं.

मणी ठेवायला काय वापरायचं याचे ऑनलाइन खूप महागडे कप्प्यांचे बॉक्स दिसतात. आमच्याकडे आईचा जुना मिसळणाचा डबा आहे, स्टीलचा, सात वाट्यांचा, हळद-तिखट-मोहरीचे वास घासून घासून काढले आणि त्यात मणी भरले. चालू चित्राला लागणारे सहा-सात रंग तेवढे डब्यात घ्यायचे, बाकीचे झिपच्या पिशव्यांत. एका वेळी समोर कमी रंग असले की मुलंसुद्धा शांतपणे करतात, हे मी फार उशिरा शिकले.

आता चित्र काय करायचं. इथे मला खरं सांगायचंय ते हे की पहिलं चित्र लहान घ्या. मोठ्या चौकोनी बोर्डावर बहुतेक वेळा २९ गुणिले २९ खुंट्या असतात, म्हणजे ८४१ मणी (चिऊने आधी एक एक मोजायचा प्रयत्न केला होता, २०० नंतर चुकली, मग तिला रांगा मोजून गुणाकार दाखवला आणि तिचे डोळे असे चमकले की मला वाटलं शाळेत पण असंच शिकवावं). ८४१ म्हणजे मोठ्या माणसाला पण दोन-तीन बैठका. मुलांना अर्ध्या तासात पूर्ण होईल असं द्या, हार्ट, मशरूम, पतंग, कलिंगडाची फोड, ५० ते १०० मणी. एकदा स्वतःच्या हातची वस्तू गरम गरम हातात आली की मग ती मोठ्या चित्राला थांबतात. आणि त्यांना चित्र समोर ठेवून तसंच्या तसं करायला लावूच नका दर वेळी. चिऊने एकदा नुसत्या पट्ट्या पट्ट्या केल्या होत्या, सगळ्या वाकड्या, मधेच एक गुलाबी, ती अजून फ्रिजवर आहे आणि येणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडेच बघतो.

मोबाईलवर फोटो टाकला की त्याचा ठिपक्यांचा नमुना करून देणाऱ्या साइट्स आहेत. पण माणसाचा चेहरा चार बोर्ड जोडले तरी ओळखीचा येईलच असं नाही, चार बोर्ड म्हणजे ३३६४ मणी, आणि त्या साइट्स तुम्हाला बाजारात नसलेले चाळीस रंग सांगतात. त्या वाटेला सुरुवातीला नकोच.

त्यापेक्षा आमच्याकडे जे झालं ते सांगते. एक दिवस आई चिऊच्या शेजारी बसून बोर्डाकडे बघत होती, आणि म्हणाली हे तर दोसुतीचं आहे. मला आधी कळलंच नाही. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, दोसुती म्हणजे ते जाड विणीचं कापड ज्याचे चौकोन मोजता येतात, त्यावर फुल्या फुल्या टाकून भरतकाम करायचे, क्रॉस स्टिच. आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी लग्नाआधी दोसुतीचे टेबलक्लॉथ, टीव्हीचं कव्हर, रुखवतात मांडायला राजहंसाची फ्रेम असं केलेलं असायचं. त्याचे नमुने ग्राफ पेपरवर काढलेले असायचे, एक चौकोन एक फुली. आणि इथे एक चौकोन एक मणी!! आईने ट्रंकेतून तिची वही काढली. कव्हर गेलंय, पानं पिवळी, पण आतले नमुने शाबूत, राघू, तुळशीवृंदावन, जोडीचे मोर, गुलाबाची वेल, एक हरीण, कडेला पेन्सिलने तिच्या अक्षरात "हिरवा गडद", "हि. फिका", "चोच लाल".

मी इतक्या वर्षांत ती वही पाहिली नव्हती.

दोसुतीतली एक गोष्ट इथे जशीच्या तशी कामाला येते. आई म्हणते कापडाची चौपदरी घडी घालून आधी मध्य काढायचा आणि नमुना मध्यापासून भरायला घ्यायचा, म्हणजे कडेला कमी पडत नाही. बोर्डाला २९ खुंट्या म्हणजे विषम आकडा, त्यामुळे त्याला बरोबर मध्य आहे, पंधरावी खुंटी, डावीकडे १४ उजवीकडे १४. त्या मधल्या खुंटीवर आम्ही वेगळ्या रंगाचा मणी बसवतो खूण म्हणून आणि तिथून सुरू करतो. मोर किंवा दिवा किंवा काहीही जे दोन्ही बाजूंना सारखं आहे त्याचा नमुना विषम रुंदीचा घ्यायचा. मी हे कुठल्याच व्हिडिओत ऐकलं नव्हतं, आईने पहिल्या दिवशी सांगितलं.

आता इस्त्री. सगळं चांगलं-वाईट इथे ठरतं म्हणून हे नीट वाचा.

इस्त्री मोठ्या माणसाने करायची, मूल कितीही म्हणू दे मी करतो मी करते. चिऊचं काम सेकंद मोजायचं, ते तिने मोठ्याने मोजायचं, म्हणजे ती त्यात असते पण हात लांब असतो. वाफेची इस्त्री असेल तर वाफ पूर्ण बंद. जुनी साधी इस्त्री असेल तर उलट बरं, तिला पाण्याची भानगड नाही आणि बुडाला वाफेची भोकं नसतात त्यामुळे गरम सगळीकडे सारखी लागते. आमच्या इस्त्रीच्या चकतीवर मी सिल्क आणि वूलच्या मध्ये ठेवते, कॉटनवर कधीच नाही. खिडकी उघडी ठेवायची, थोडा वास येतो, आणि पंखा बंद, नाहीतर कागद उडतो आणि एका बाजूने आधी गार होतं.

कागद कुठला हा मोठा प्रश्न आहे आपल्याकडे. परदेशी व्हिडिओंमध्ये जो म्हणतात तो बेकिंगचा पार्चमेंट पेपर, ज्याला सिलिकॉनचा थर असतो, ज्यावर कुकीज भाजतात. आपल्याकडे बटर पेपर या एका नावाखाली तीन वेगवेगळे कागद मिळतात, स्टेशनरीच्या दुकानात बटर पेपर मागितला तर चित्र ट्रेस करायचा कागद देतात, मिठाईवाला वापरतो तो वेगळा, आणि बेकिंगचा वेगळा. मी पहिल्यांदा स्टेशनरीवाला आणला. मणी कागदाला असे चिकटले की फाडून काढावा लागला आणि वर कागदाचे कपटे राहिले. केक-बिस्किटाचं सामान मिळतं तिथे जाऊन बेकिंग पेपर असंच मागा. मेणाचा कागद तर अजिबात नको, मेण वितळून मण्यांवर बसतं.

मग बोर्ड सपाट जागेवर ठेवायचा, वर कागद, आणि इस्त्री अगदी हलक्या हाताने गोल गोल फिरवायची. कपड्याला देतो तसा जोर द्यायचाच नाही, नुसतं इस्त्रीचं वजन पुरे, कारण सुरुवातीला जोर दिला तर मणी खुंट्यांवरून हलतात आणि सगळी ओळ तिरकी होते. चिऊ दहापर्यंत मोजते, मी थांबते, कागदाचा कोपरा न उचलता वरूनच बघते. मणी वितळायला लागले की कागदातून त्यांच्या कडा दिसायला लागतात, आधी पुसट मग ठळक. मधले आधी वितळतात, कडेचे आणि कोपऱ्यातले मागे राहतात, त्यामुळे कडेला इस्त्री थोडी जास्त वेळ. सगळीकडच्या कडा सारख्या दिसल्या की थांबायचं. भोकं थोडी लहान झाली पण बुजली नाहीत, आणि मणी शेजारच्याला भिडलाय, हे माझ्या मते सगळ्यात चांगलं. काही जणांना पूर्ण बुजलेली गुळगुळीत टाइल आवडते, तेही छान दिसतं पण मग चित्र थोडं पसरतं आणि बारीक रेघा जाडसर होतात. कमी इस्त्री झाली तर मात्र दोन दिवसांत मणी सुटायला लागतात.

कागद लगेच ओढायचा नाही!! गरम असताना ओढला तर मणी कागदाबरोबर येतात. कागदासकटच त्यावर काहीतरी सपाट आणि जड ठेवायचं. लोक पुस्तकं ठेवतात, आम्ही लाकडी पाट ठेवतो आणि त्यावर तांदळाचा डबा. दहा मिनिटं. हे केलं नाही तर गार होताना चित्र पापडासारखं कडेने वर वळतं, आणि ते मग सरळ करत बसणं फार कटकटीचं, परत गरम करून परत वजन ठेवावं लागतं. गार झाल्यावर कागद आपोआप सुटतो, मग चित्र बोर्डावरून काढायचं, उलटं करायचं, मागच्या बाजूला पण तसंच सगळं परत. दोन्ही बाजू केल्या की पक्कं.

अजून एक पद्धत आहे जी मी आता मोठ्या चित्रांना वापरते. सारखी बोर्डावरच इस्त्री केली की बोर्ड वाकडा होतो, तोही प्लास्टिकच आहे शेवटी. तर चित्र झाल्यावर वरून मास्किंग टेपच्या पट्ट्या लावायच्या, एकीवर एक थोड्या चढवून, रिकाम्या वाटीच्या बुडाने घासून घट्ट बसवायच्या, मग सगळं उलटं करून बोर्ड सावकाश वर उचलायचा. चित्र टेपवर राहतं, बोर्ड मोकळा. टेपला मागून टाचणीने भोकं पाडायची, म्हणजे आतली गरम हवा निघून जाते आणि टेप मधेच फुगून सुटत नाही. मग उघड्या बाजूला इस्त्री, गार झाल्यावर टेप काढायची, मग दुसरी बाजू. पहिल्यांदा बोर्ड उचलताना छातीत धडधड होते, आठशे मणी आहेत त्यावर. पण टेप नीट घासली असेल तर एकही पडत नाही.

करून काय करायचं या वस्तूंचं, हेही विचारतात लोक. मागे छोटं मॅग्नेट चिकटवलं की फ्रिजवर, कडी घातली की की-चेन. कड्या आणि मॅग्नेट मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून एकदाच भरपूर आणलेत. राखीपौर्णिमेला चिऊने मामासाठी राखी केली, सात बाय सातचं फूल आणि मागून रेशमी दोरा. चहाच्या कपाखाली ठेवायला चौकोनी कोस्टर होतात, कपाच्या गरमीला काही होत नाही, पण गॅसवरून उतरवलेलं पातेलं किंवा तवा त्यावर ठेवायचा नाही, ज्याने जोडलंय त्यानेच परत वितळेल.

दिवाळीत आम्ही षटकोनी बोर्ड आणला आणि तिथे परत आईच पुढे. आपली ठिपक्यांची रांगोळी असते ना १५ ते ८, मधली ओळ १५ ची आणि दोन्हीकडे एकेक कमी करत ८ पर्यंत, ठिपके अध्येमध्ये. तो बरोबर षटकोनच असतो, प्रत्येक बाजू ८ ठिपक्यांची. आणि षटकोनी बोर्डावरच्या खुंट्या पण अगदी तशाच एकीच्या फटीत दुसरी बसवलेल्या. एकूण १६९ मणी लागतात, मी बेरीज करून ठेवलीये. रांगोळीत आपण ठिपके जोडतो आणि इथे ठिपकेच रंगवायचे, त्यामुळे वेलीच्या रांगोळ्या जमत नाहीत पण कमळ, सहा पाकळ्यांचं फूल, चांदणी फार सुंदर येतात. आम्ही सहा केल्या आणि उंबऱ्याजवळ मांडल्या, पुसायची भीती नाही. खरी रांगोळी पण काढलीच, ती पाहिजेच.

माझा दादा आला होता तेव्हा, तो बेचाळीस वर्षांचा, आयटीत, म्हणाला हे मुलांचं आहे, आणि अर्ध्या तासाने तोच मारिओ करत बसला होता. लहानपणी आम्ही टीव्हीला जोडून कॅसेटचे गेम खेळायचो, १९८५ चा तो मारिओ, त्यातला छोटा मारिओ १२ ठिपके रुंद आणि १६ उंच, त्यामुळे इथे जसाच्या तसा बसतो, सहा सेंटीमीटर बाय आठ सेंटीमीटरचा. रात्री साडेबारापर्यंत बसला होता. वहिनी म्हणाली लग्नाला चौदा वर्षं झाली, याला फोन बाजूला ठेवून इतका वेळ बसलेलं पहिल्यांदा बघतेय.

मुलांचं आहे, हे मलाही वाटायचं, म्हणून थोडं वाचलं, तर कळलं की हा मण्यांचा बोर्ड मुळात १९६२ मध्ये स्वीडनमधल्या विटशो गावच्या गुन्नार क्नुटसन यांनी काढला तो म्हाताऱ्या माणसांसाठी! त्यांना हाताला काम आणि मनाला विरंगुळा म्हणून. मुलांनी तो नंतर उचलला. मी हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग बरोबरच आहे, मी माझाच खेळ खेळतेय, चिऊ माझा घेतेय."

तिच्या हाताबद्दल सांगायचं तर व्यायाम चालूच होते, त्यामुळे सगळं मण्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या आठवड्यात ती अंगठा आणि मधल्या बोटाने मणी धरायची, तर्जनी वळायचीच नाही, एक ओळ लावायला दहा मिनिटं लागायची. ऑगस्टमध्ये तिने स्वतः ब्लाउजची हुकं लावली आणि मला हाक मारून दाखवलं. व्यायामाचा बॉल दाब म्हणून तिच्या मागे लागावं लागायचं, बोर्डावर बसायला कधी सांगावं लागलं नाही. घरात कोणी वयस्कर असेल, हाताला काम नसेल, दिवसभर टीव्हीसमोर बसलेले असतील, तर मुलांसाठी म्हणून आणा आणि त्यांच्यापुढे ठेवा, निवडून द्याल का एवढंच म्हणा. उजेड चांगला द्या, बोर्डाखाली गडद टॉवेल घाला म्हणजे मणी घरंगळत नाहीत आणि पांढरे उठून दिसतात. आणि पाऊण तासाने उठवा, मान अवघडते.

प्लास्टिक आहे हे मात्र माझ्या मनात असतं. एकदा इस्त्री झाली की तो मणी परत मोकळा होत नाही. म्हणून आम्ही सगळ्याला इस्त्री करतच नाही. दहा चित्रांपैकी दोन-तीन. बाकीची दोन दिवस बोर्डावर राहतात, फोटो काढतो, आणि मग चिऊ बोर्ड परातीत उलटा करते, तो मणी पडण्याचा आवाज तिला फार आवडतो, आणि आई परत निवडायला बसते. त्यामुळे त्या पहिल्या डब्यातले निम्मे मणी अजून तसेच आहेत.

आत्ता बोर्डावर राघू आहे, वहीतला. तो नमुना आईने लग्नाआधी उतरवून घेतला होता मैत्रिणीकडून, पण कापडावर कधी झालाच नाही, आधी परीक्षा मग लग्न मग आम्ही. मागच्या महिन्यापासून लावतेय. चोच झालीये, मान झालीये, शेपटीपाशी अडलंय कारण वहीत "हि. फिका" लिहिलंय आणि आमच्याकडचा फिका हिरवा तिला पसंत नाही, तिला कच्च्या कैरीच्या आतला असतो तसा पाहिजे. चिऊने पोपटी लावून दाखवला, तो काढला. परवा पिस्ता लावला होता, काल रात्री बघितलं तर तोही काढलेला. इस्त्री करू का म्हणून मी दोनदा विचारलं, तर म्हणाली थांब, घाई नको करू, शेपूट अजून ठरली नाहीये.